कूपाचे दिवस सरल्यावर

२९ मार्च २०२३ ला आमच्या बल्लारपुरातून सागवान अयोध्येला निघालं. राममंदिराच्या दारांसाठी आलापल्लीच्या जंगलातलं लाकूड निवडलं गेलं होतं. त्याची पूजा झाली, मोठी शोभायात्रा निघाली. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, सागाचं नाव पूर्वीपासून मोठं, त्यामुळे आनंद झालाच. घरात सगळ्यांनाच झाला. नंतर मी त्या दिवसाच्या बातम्या सावकाश वाचल्या. लाकूड कुठल्या रानातलं, त्याची प्रत कशी, कुणाच्या हस्ते पूजा झाली, सगळं होतं. ती झाडं कुणी पाडली, हे मात्र माझ्या वाचनात कुठे आलं नाही. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

माझे बाबा लाकूड आगारात मोजणीला होते. सुट्टीच्या दिवशी दुपारचा डबा घेऊन मी आगारात जायची आणि थप्प्यांच्या सावलीत बसून राहायची. मोजणीची रीत मला तेव्हापासून पाठ आहे. ओंडक्याच्या बरोबर मध्यावर फीत गुंडाळून घेर घ्यायचा, मग लांबी. घेराचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला लांबीनं गुणायचं. या रीतीनं लाकूड प्रत्यक्षापेक्षा पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्तच कमी भरतं. साल आणि कापणीतली तूट त्यात धरलेली असते. बाबा वहीत गुणाकार मांडायचे. फीत धरणारे मजूर शाळेत फार गेलेले नव्हते, पण ओंडक्यावर नुसती नजर टाकून आकडा सांगायचे आणि वहीतला आकडा त्याच्या आसपासच निघायचा. मग कापलेल्या तोंडावर हातोड्याचा शिक्का, रंगानं नंबर, आणि ओंडका आपापल्या थप्पीला.

ही माणसं मूळची कूपकटाईची, म्हणजे त्या वर्षी तोडीसाठी ठरवलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, कूपात, झाडं तोडणारी. वय झालं, गुडघे दुखायला लागले, म्हणून आगारात आलेली. त्यातल्या एका काकांनी मला एकदा जंगलात नेऊन सागाचा तोडलेला खुंट दाखवला होता. खुंट जमिनीला जवळजवळ चिकटलेला. कापाला हलका उतार, कडेची साल कुठेही फाटलेली नाही. असं का, तर पावसाचं पाणी वर साचू नये, खुंट कुजू नये आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच बुडातून फुटवे यावेत. त्यातला जोमदार एक राखायचा, तोच पुढचा साग. पाडण्याचंही तसंच. ज्या बाजूला झाड आडवं करायचं त्या बाजूला आधी कुऱ्हाडीनं खाच घ्यायची, मग पाठीमागून करवत चालवायची, शेवटी पाचर ठोकायची. ‘झाड आपल्या मनानं पडलं, म्हंजे तोडणाऱ्याले काम नाही येत,’ असं काका म्हणाले होते. आजूबाजूची राखलेली रोपं मोडली तर ती त्यांना स्वतःची नाचक्की वाटायची.

या कामाची साखळी लांब होती. मार्किंग करणारा, तोडणारा, फांद्या छाटणारा, साल काढणारा, ओंडके ओढून रस्त्याला लावणारा, बंडीवाला, ट्रक भरणारे, जळाऊ लाकडाचे बिट रचणारे. अवघड जागी ओढाईला हत्ती असायचे. गडचिरोली जिल्ह्यातल्या कमलापूरच्या कॅम्पमध्ये आज जे हत्ती पाहायला लोक जातात, ते आधी याच कामाचे. दिवाळीनंतर कूप सुरू व्हायचे ते होळीपर्यंत चालायचे. त्यानंतर जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे), तेंदू म्हणजे विडीचं पान, मोहफूल, आणि पाऊस पडला की रोपवनातली लावणी. जंगलालगतच्या घराचं वर्ष जंगलावरच पूर्ण व्हायचं, धानाची शेती मध्ये बसायची.

जुना काळ सोन्याचा होता असं मी मुळीच म्हणणार नाही. इंग्रजांनी १८६४ मध्ये वनखातं उभं केलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे रेल्वेचे स्लीपर होते. एका मैलाला दोन हजारांच्या घरात स्लीपर लागत आणि काही वर्षांत बदलावे लागत. जंगल राखीव झालं, आतली माणसं परकी झाली, आणि त्याच माणसांना मजूर म्हणून परत बोलावलं गेलं. मेळघाटात आणि इतरत्र वनग्रामं वसवली ती हाताशी मजूर असावा म्हणून. स्वतंत्र भारतातही पुष्कळ वर्षं कूप ठेकेदाराच्या हातात असे, आणि ठेकेदाराच्या वहीत मजुराची उचल कधी फिटत नसे. स्वातंत्र्याआधी ठाणे जिल्ह्यात वारली उठले ते वेठबिगारीविरुद्ध आणि अशाच पिळवणुकीविरुद्ध. गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या मागण्यांमध्ये गवतकापणीच्या दराबरोबर जंगलकामाला दिवसाला सव्वा रुपया मजुरी ही मागणी होती. १९४५ च्या ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. माणसं मेली. पुरेशी मजुरी मागणं एवढं महाग होतं.

१९४७ मध्ये मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. ठेकेदार बाजूला काढायचा, कूप थेट मजुरांच्या संस्थेला द्यायचा, नफ्यातला वाटा सभासदांना आणि गावाच्या कामाला. आमचा चांदा तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे इकडे ही चाल उशिरा पोचली. काही संस्था चांगल्या चालल्या, काहींमध्ये जुने ठेकेदारच मागच्या दारानं शिरले. तरीही मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. तोडणाऱ्या माणसाच्या हातात कूपाचा हिशेब आला, सभासद म्हणून त्याचं नाव लागलं. 

मग १९७४ मध्ये महाराष्ट्राचं वन विकास महामंडळ आलं. मिश्र जंगल तोडून साग लावायचा, उत्पादन वाढवायचं, असा त्या काळचा विचार होता. राष्ट्रीय कृषी आयोगानंच तो मांडला होता. तोडणीला, लावणीला, निंदणीला, विरळणीला हात लागत होते. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू लागत होता. आमच्या शहराची पगाराची तारीख त्या भोंग्यावर ठरायची, आणि त्या भोंग्यामागे एटापल्ली-भामरागडकडचे बांबू तोडणारे हजारो हात होते. जंगलही तेव्हा झपाट्यानं उतरत होतं, हे डोळ्यांना दिसत होतं.

याच सुमारास देशाची दिशा बदलू लागली. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ जागांमध्ये मेळघाट होतं. १९८० चा वन संवर्धन कायदा आला. झाडं वाचवण्याच्या चिपको आंदोलनानंतर उत्तर प्रदेशाच्या पहाडात हजार मीटरच्या वर हिरवी झाडं तोडणं थांबलं. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानं स्पष्ट सांगितलं की जंगलाचं पहिलं काम पर्यावरण सांभाळणं, महसूल त्यानंतर. आणि उद्योगांनी आपलं लाकूड शेतकऱ्यांकडून घ्यावं. मग १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मंजूर कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे कुठे किती तोडायचं याच्या आराखड्याशिवाय, तोड नाही, ईशान्येकडून लाकूड बाहेर नाही, जंगलातल्या आरागिरण्या बंद. अरुणाचल, मेघालय, नागालँडमध्ये गावंच्या गावं लाकडावर चालत होती. तिथल्या गिरण्या थंडावल्या. आमच्याकडे धक्का इतका एकदम बसला नाही, पण कूप कमी होत गेले, आयोजना रखडल्या, जंगल कामगार संस्थांना वर्षानुवर्षं कामच मिळेना. आजही काही कूप निघतात, महामंडळाची विरळणी चालते. घरचं वर्ष भागावं इतकं ते काम उरलं नाही, एवढंच.

युरोपात, स्वीडन-फिनलंडसारख्या देशांत, जंगलातले मजूर कमी झाले ते यंत्रामुळे. एक मोठं यंत्र झाड धरतं, कापतं, सोलतं, तुकडे करतं, आणि त्यात बसलेला एक माणूस अनेकांचं काम उरकतो. लाकूड निघायचं ते निघतच राहिलं. आपल्याकडे वेगळं झालं. आपल्या कूपांत चेन सॉ सुद्धा उशिरा आली. इथे काम गेलं ते कायद्यानं, धोरणानं, आणि लाकूडच जागा बदलून दुसरीकडे गेल्यानं. देशाची लाकडाची भूक तर वाढत होती. हरियाणातल्या यमुनानगरच्या प्लायवुड गिरण्यांना शेताच्या बांधावरचा पॉपलर आणि निलगिरी मिळू लागली. कागद कारखाने सुबाभूळ आणि निलगिरीकडे वळले. कांडला-गांधीधामला न्यूझीलंडच्या पाइनचे, मलेशियाच्या लाकडाचे जहाजी ओंडके उतरू लागले. म्यानमारनं २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवली, तोवर तिथला सागही येत होता. आज नागपुरात घर बांधणाऱ्याच्या खिडकीची चौकट दक्षिण गोलार्धातून आलेली असू शकते. न्यूझीलंडच्या कामगाराला त्याच्या देशात कामगार म्हणून ओळख आहे, विमा आहे. चांद्याच्या माणसाचा हात रिकामा झाला, आणि लाकूड मात्र समुद्र ओलांडून आलं.

तोड थांबवणं चूक होतं का? मला नाही वाटत. ताडोब्याच्या भोवतालचं, मेळघाटातलं जे जंगल आज उभं आहे, ते या निर्णयांमुळे उभं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. गिरणी बंद पडते तेव्हा मोर्चे निघतात, देणी ठरतात, कामगारांच्या घरांची चर्चा होते. मुंबईच्या गिरणी कामगाराचा प्रश्न निदान प्रश्न म्हणून तरी सगळ्यांना माहीत आहे. कूपातल्या माणसाचं काम गेलं तेव्हा तसं काहीच झालं नाही. १९९६ मध्ये शासनानं वनखात्यातल्या रोजंदारी मजुरांना कायम केलं, पण त्याला सलग पाच वर्षं, दर वर्षी किमान २४० दिवस हजेरी हवी होती. कूप मुळातच हंगामी. चार महिने जंगलात राबणारा आयुष्यभर राबला तरी २४० ला पोचणार कसा? बाबांच्या आगारातल्या कितीतरी जणांचे हजेरीचे कागद पुरे पडले नाहीत. ते घरी गेले. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि आमच्या घरी ते आठ-पंधरा दिवस फार वाईट गेले, कारण बाबांना सगळ्यांची नावं पाठ होती.

मग त्या घरांमध्ये काम उरलं कोणतं? गेली काही वर्षं मी गोंडपिपरी, मूल, धानोरा या बाजूला जमेल तशी जाते, बायांशी बोलते. जंगल आजही काम देतं, पण तुकड्यातुकड्यानं. मार्चमध्ये जाळरेषेचं थोडं, वणवा लागला तर विझवायचं, पावसाळ्याआधी खड्डे खोदायचे. २०१७ ते २०१९ च्या वृक्षलागवडीत खड्ड्यांचं काम बरंच निघालं. रोजगार हमीत काही दिवस मिळतात. आणि सगळ्यात मोठं ते तेंदूचं.

तेंदूचा हंगाम एप्रिलच्या शेवटाला लागतो आणि जेमतेम पंधरा-वीस दिवस टिकतो. बाया पहाटे अंधारातच निघतात. पान तळहाताएवढं, मऊ, न फाटलेलं, डाग नसलेलं हवं. ऊन तापायच्या आत ओटी आणि गाठोडी भरून परत यायचं. मग घराच्या पडवीत सगळं कुटुंब बसतं. सत्तर पानांचा एक पुडा. अर्धी पानं पालथी, अर्धी उताणी, देठ एका बाजूला, आणि सालीच्या दोरीचा फास. म्हातारी माणसं बोलता बोलता बांधतात आणि पान मोजताना त्यांचे ओठही हलत नाहीत. एका आजीच्या हातातला पुडा मी मोजून पाहिला, सत्तर भरली. ती हसली. ‘मोजतं काय बाई, हाताले समजते,’ म्हणाली. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, न्यायचे, तिथे मुन्शी शेकड्यानं मोजून घेतो, खराब बाजूला काढतो, आणि बाकीचे उन्हात ओळीनं मांडले जातात. पैसे शेकड्यावर. वर्षभराचा किराणा, मुलांची पुस्तकं, खताची उधारी, सगळं या पंधरा-वीस दिवसांवर येऊन टेकलेलं असतं.

आणि जीव मुठीत धरून टेकलेलं असतं. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाघ वाचला याचा आपल्याला आनंद आहे आणि तो असायलाच हवा. पान तोडताना माणूस वाकलेला असतो, खाली बसलेला असतो. वाघाला तो माणसासारखा दिसत नाही. हे सगळ्या गावांना माहीत आहे आणि तरी पुढच्या दिवशी बाया जातात, कारण हंगाम थांबत नाही. त्यातच विडीची मागणी घसरते आहे. २०१७ मध्ये पानाला चांगला भाव आला, त्याच वर्षी जीएसटीत तेंदूवर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के कर लागला, आणि पुढच्या हंगामात स्वतः पान विकणाऱ्या बऱ्याच ग्रामसभांचे भाव कोसळले.

तेंदू संपला की हात पुन्हा रिकामे. जानेवारी-फेब्रुवारीत गाड्या भरून माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात, खम्मम, वारंगळकडे. ज्यांचे आजे सागाच्या खुंटाला उतार द्यायचे, त्यांची बोटं आता मिरचीनं जळतात. सोबत लहान मुलं असतात, त्यांची शाळा बुडते. तरुण पोरं सुरजागडच्या लोहखाणीकडे पाहतात, काही ताडोब्याला जिप्सी चालवतात, गाइड होतात. आणि खूप पोरं-पोरी धावतात. गडचिरोलीच्या रस्त्यावर सकाळी लवकर गेलात तर दिसतील, वनरक्षक भरतीची तयारी. मुलांना पाच किलोमीटर, मुलींना तीन. आधी लेखी परीक्षा, तीही संगणकावर. जंगलातली पक्की नोकरी म्हणजे आता ही एकच, खाकी कपड्यातली. ती मिळालेल्या मुलींना मी भेटले आहे. बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलात, एकटीनं फिरतात, धीट आहेत, मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पण शंभर घरांच्या गावातून एखादीला ती मिळते.

निराश होऊन लिहायचं तर इथेच थांबता आलं असतं. पण धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) मी पाहिलंय. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं हे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी त्यासाठी किती वर्षं घातली, हे वेगळं लिहावं लागेल. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव तर त्याहून पुढे गेलं. २०१२ मध्ये हजार हेक्टरच्या आसपास जंगल त्यांच्या ताब्यात आलं, आणि त्यांनी ठरवून तेंदू तोडणं बंद केलं. तेंदूसाठी झुडपं छाटतात, आग लावतात, झाड फळावर येत नाही, असा त्यांचा अनुभव. त्याऐवजी ते बांबू काढतात, स्वतः मोजतात, स्वतः लिलाव करतात. कोवळा बांबू राखायचा, जून तोडायचा, कुठल्या भागात यंदा जायचं नाही, हे सभेत ठरतं. कामाला जाणारी माणसं गावातच राहतात.

या गावांमध्ये मला ते काकांचं कसब परत दिसलं. बांबूचा काप जमिनीलगत, गाठीच्या वर, पाणी साचणार नाही असा. जंगल राखणं आणि जंगलात कमावणं एकाच माणसानं करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवायला गेलेलं नाही. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले आहेत. सगळीकडे पाचगाव झालेलं नाही. कुठे हिशेबाला माणूस नाही, कुठे व्यापारी बुडवून जातो, कुठे सभेत फक्त चार पुरुष बोलतात.

आता लगेच करण्यासारखं एक काम मला दिसतं. देशात जंगलावर किती माणसं जगतात हे आपल्या सरकारी आकड्यांत नीट सापडत नाही. १९७१ ते १९९१ च्या जनगणनांमध्ये कामाचे नऊ गट होते. त्यात पशुपालन, वन, मासेमारी, शिकार, मळे आणि बागा यांचा मिळून एक गट होता. वेगळं नसलं तरी काहीतरी हाती लागायचं. २००१ पासून मुख्य तक्त्यांत चारच गट उरले: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. रोजगाराच्या पाहण्यांतही शेती, वन आणि मासेमारी एकत्र मोजून आकडा छापला जातो, आणि त्यात शेती इतकी मोठी की वन दिसेनासं होतं. शिवाय वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम केलेल्या माणसाची नोंद सीमांतिक कामगार म्हणून होते. तेंदूचे पंधरा-वीस दिवस, मोहाचे काही, जाळरेषा, खड्डे, बांबू, सरपण: प्रत्येक काम एकेकटं मोजलं तर किरकोळ, आणि एकत्र मोजायला रकाना नाही. सरपणाची मोळी डोक्यावर आणणाऱ्या बाईला तर ते काम आहे असं स्वतःलाही वाटत नाही.

२०२७ ची जनगणना १ मार्चच्या मध्यरात्रीचा क्षण धरून होते आहे, आणि माणसांची मोजणी त्याआधीच्या फेब्रुवारीत. म्हणजे प्रगणक आमच्या गावांत येईल तेव्हा निम्मी घरं मिरचीला गेलेली असतील. जी असतील त्यांना विचारलं जाईल, काम कोणतं, आणि बहुतेक जण ‘शेतमजुरी’ म्हणून मोकळे होतील.

ग्रामसभांकडे मात्र तेंदू आणि बांबूच्या मजुरीची हजेरीपुस्तकं आहेत. कोण किती दिवस गेलं, किती पुडे, किती बांबू, किती रुपये, सगळं त्यात आहे. त्यात मोह, जाळरेषा, वणवा आणि सरपण यांचे चार रकाने वाढवले तर एका घराचं जंगलातलं वर्ष एका पानावर येईल. धानोरा आणि गोंडपिपरीतल्या काही ग्रामसभांशी माझं यावर बोलणं चालू आहे. रकाने कसे आखायचे, बायांचे दिवस त्यांच्या स्वतःच्या नावावर कसे लिहायचे, शाळा सोडलेल्या कुठल्या मुलीला वही सांभाळायची मजुरी द्यायची, इथपर्यंत गोष्ट आली आहे. येत्या तेंदू हंगामापासून वह्या भरायला लागलो तर फेब्रुवारी उजाडायच्या आत बहुतेक वर्षाचा हिशेब प्रत्येक घराच्या हातात असेल, आणि प्रगणकाला उत्तर देताना तो समोर ठेवता येईल. ज्यांना आखणीत, टंकलेखनात किंवा गावोगाव वह्या पोचवण्यात हात लावायचा असेल, त्यांनी मला कळवावं.